सोलापूर ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे तास आणि शरीराचे तास

होळी झाली की दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे पेशंट येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. हातात एक प्लॅस्टिकची फाइल असते. तीत पासपोर्टची झेरॉक्स, मुलाने पाठवलेले तिकीट आणि रक्त-लघवीचे जुने रिपोर्ट असतात. "डॉक्टर, लेकाकडं निघालोय अमेरिकेला. सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या," एवढीच मागणी असते. कोणाच्या सुनेचे बाळंतपण असते, कोणाच्या लेकीचे, तर कोणाला मुलाने घेतलेले नवे घर बघायचे असते. जुळे सोलापूर घ्या, विजापूर रोड घ्या नाहीतर पूर्व भाग घ्या, आज प्रत्येक भागात अशी घरे सापडतात की ज्यांतला मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सी, टेक्सास नाहीतर कॅलिफोर्नियात आहे.

गोळ्या लिहून देण्याआधी मी एक प्रश्न विचारतो : प्रवास किती तासांचा आहे? एका निवृत्त शिक्षकांनी चष्मा लावून तिकीट पाहिले आणि म्हणाले, "रात्री एकला सुटतंय, सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला. म्हणजे साडेसहा तास. आपली सिद्धेश्वर एक्स्प्रेस मुंबईला जायला याच्यापेक्षा जास्त वेळ घेती की!"

गणिताचे शिक्षक होते, वजाबाकी अचूक होती. पण तिकिटावरच्या दोन्ही वेळा वेगवेगळ्या घड्याळांतल्या असतात. सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची न्यूयॉर्कची. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. तिथे सकाळचे साडेसात वाजतात तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. म्हणजे रात्री एक ते संध्याकाळी पाच, असे सोळा तास सर विमानात बसणार होते. परतीच्या तिकिटावर उलटा प्रकार होता. सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबई. वजाबाकी केली तर साडेचोवीस तास, प्रत्यक्षात पंधरा. घड्याळाची ही गंमत समजली नाही तर औषधांच्या वेळा चुकतात, आणि मधुमेह्याच्या बाबतीत ती गंमत राहत नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात आपण पश्चिमेला अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक महासागर अशी आडवी रेघ ओढतो, पण विमान तसे जात नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट उत्तरेकडून जाते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून पाहा. तो अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे असा वर वर चढत आइसलँडच्या आसपास पोचतो आणि तिथून खाली उतरतो. प्रत्यक्ष विमान मात्र या दोऱ्यावरूनच जाईल असे नाही. वाटेतले देश, युद्धे, वारे पाहून मार्ग ठरतो. २०२५ च्या एप्रिलअखेर पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला आणि वेळ वाढला. वाऱ्याचेही तसेच. उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना विमानाला ते समोरून लागतात आणि येताना पाठीमागून. परतीचा प्रवास तासाभराने कमी भरतो तो यामुळे.

पण सोलापूरच्या माणसाचा प्रवास मुंबईच्या विमानतळावर सुरू होत नाही. तो स्वतःच्या उंबऱ्यावर सुरू होतो. रेल्वेने मुंबई ४५५ किलोमीटर. २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत सुरू झाल्यापासून हे अंतर साडेसहा तासांवर आले आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली आणि २०२५ मध्ये गोव्याचे विमान सुरू झाले. तरीही बहुतेक कुटुंबे अमेरिकेला जाणाऱ्या आजी-आजोबांना गाडीनेच मुंबईला नेतात, कारण सामान फार असते आणि निरोप द्यायला निघालेली माणसे त्याहून जास्त असतात.

आता त्या सरांचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पहाटे साडेपाचला घर सोडायचे. गाडीत साडेसहा तास. मुंबईत नातेवाइकाकडे जेवण, गप्पा, आडवे पडायला वेळ नाही. रात्री नऊला विमानतळ, कारण तीन-चार तास आधी पोचावे लागते. एकला उड्डाण. सोळा तास विमान. तिथे इमिग्रेशनच्या रांगेत दीड-दोन तास, मग मुलाच्या मोटारीतून घर. आपल्या घड्याळाने दुसऱ्या दिवशीचे रात्रीचे आठ. साडेअडतीस तास! आणि त्यातले जवळजवळ पंचवीस तास गुडघे वाकवून, खुर्चीत बसून. ऐकल्यावर सरांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढं तर आम्ही काशीला जातानाही बसलो नव्हतो."

पूर्वी लांबचा प्रवास शरीराला इतका घाईचा नव्हता. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोटीने चीनला निघाले. त्याच महिन्यात कँटनला पोचले, आणि तिथून यानानला जायला १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. त्या प्रवासात हाल आणि धोके पुष्कळ होते, पण बोट रोज थोडी थोडी सरकते. जहाजावर घड्याळही तसेच थोडे थोडे पुढे-मागे करत नेतात, त्यामुळे झोप आणि भूक त्याबरोबर सरकत जातात. उतारूंना डेकवर फिरायला मिळत असे. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे पहिले विमान मुंबईहून लंडनला गेले, तेही वाटेत कैरो आणि जिनिव्हाला उतरत गेले. आजच्या विमानाला वाटेत उतरण्याची गरज राहिली नाही, आणि नेमकी तीच सोय आपल्या पायांना महागात पडू शकते.

पायांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण विमान-प्रवासाच्या सर्व तक्रारींत जिवावर बेतणारी तक्रार इथली आहे.

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलते, पण ते वर परत आणायचे काम मोठ्या प्रमाणात पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, सैल होते आणि शिरांमधले रक्त वर पिळले जाते. माणूस तासन्तास बसून राहिला की हा पंप बंद पडतो. रक्त खोलवरच्या शिरांत साचते, दाट होते आणि काही जणांत तिथेच गोठते. ही गुठळी जागेवर राहिली तर पाय सुजतो, दुखतो. पण तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात गेला तर श्वास अडकतो, आणि तुकडा मोठा असेल तर माणूस काही मिनिटांत जातो.

याचा शोध विमानामुळे लागला असे पुष्कळांना वाटते, पण तसे नाही. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बाँब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र भुयारी निवाऱ्यांत बसून काढत. पुष्कळ जण आराम-खुर्च्यांवर बसत आणि खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली रुतत असे. कीथ सिम्प्सन या डॉक्टरांच्या ध्यानात आले की अशा निवाऱ्यांत बसून राहिलेल्यांत फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू वाढले आहेत. त्यांनी हे त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उपाय साधा होता, खुर्च्यांऐवजी झोपायला बाकडी. विमानातली सीट आणि ती आराम-खुर्ची यांत शरीराच्या दृष्टीने फार फरक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या प्रश्नावर मोठा अभ्यास करवला आणि २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला तर गुठळीचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे त्यात आढळले. मात्र निरोगी माणसाच्या बाबतीत हा धोका सुमारे सहा हजारांत एक इतकाच आहे, म्हणून घाबरून तिकीट रद्द करण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात आहे, जी आपल्याकडे कोणी सांगत नाही : हा धोका फक्त विमानाचा नाही. बस, मोटार, रेल्वे, कशातही चार तासांहून अधिक हलचाल न करता बसलात तर तो असतो. तेव्हा रात्रभराच्या स्लीपर बसने न जाता बसून जाणारे, बारा-पंधरा दिवसांच्या यात्रा-कंपनीच्या बसने फिरणारे, आणि ट्रक चालवणारे यांनीही हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये.

ज्यांचा धोका सहा हजारांत एकापेक्षा बराच जास्त असतो ती माणसे अशी : पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली, कॅन्सरवर उपचार चालू असलेली, नुकतेच मोठे ऑपरेशन झालेली, विशेषतः खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेली, गरोदर किंवा नुकतीच बाळंत झालेली, संततिनियमनाच्या काही गोळ्या घेणारी, फार स्थूल, आणि पायाच्या शिरा फुगलेली. यात बाळंतीण आहे याकडे लक्ष द्यावे. लेकीचे बाळंतपण करायला आई जाते आणि परतताना दीड महिन्याच्या बाळासह लेकीलाही घेऊन येते, तेव्हा आईच्या गुडघ्यांची सगळे काळजी करतात, पण त्या दोघींत पायाच्या गुठळीचा धोका लेकीलाच जास्त असू शकतो.

काही वर्षांपूर्वीची एक पेशंट सांगतो. वय साठीच्या पुढे, पायाच्या शिरा पहिल्यापासून फुगलेल्या. अमेरिकेहून येऊन आठवडा झाला होता. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजला होता. घरच्यांनी "प्रवासाचा शीण, बर्फाळ हवेचा वात" असे निदान करून शेजारच्या मालिशवाल्या बाईंना बोलावायचे ठरवले होते. नशिबाने त्या दिवशी बाईंना वेळ नव्हता म्हणून त्या माझ्याकडे आल्या. दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, डावी तीन सेंटिमीटरने जास्त भरली. हाताला ऊन लागत होती, दाबले की दुखत होती. त्याच दिवशी पायाची डॉपलर सोनोग्राफी करायला पाठवले. मांडीपर्यंत गुठळी निघाली. रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली आणि बाई बऱ्या झाल्या. अशा पायाला तेल लावून जोराने चोळले असते तर गुठळीचा तुकडा सुटण्याची भीती होती. मला त्या बाईंपेक्षा त्यांच्या यजमानांचे वाक्य जास्त आठवते : "प्रवास तर मागच्या रविवारीच संपला होता, डॉक्टर."

तिथेच सगळ्यांची समजूत चुकते. गुठळी विमानात बसल्या बसल्या कळत नाही. ती पुढच्या काही दिवसांत, कधी तीन-चार आठवड्यांनीही डोके वर काढते. तेव्हा लांबच्या प्रवासानंतर महिनाभरात कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर आपण केव्हा, कुठून आलो हे आपणहून सांगावे. प्रवासानंतर दोन्ही पाय सारखेच सुजणे, बूट घट्ट होणे हे पुष्कळांना होते आणि पाय उंच ठेवून झोपले की एक-दोन दिवसांत उतरते. पण एकच पाय सुजला, पोटरी दुखते आणि गरम लागते, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले किंवा चक्कर येऊन पडले, तर फॅमिली डॉक्टरची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलात जावे.

आता प्रतिबंध. दर तासाला टाचा टेकवून चवडे वर-खाली करणे, पंजे गोल फिरवणे, पोटरी आवळणे-सोडणे, आणि दीड-दोन तासांनी उठून विमानातल्या वाटेत दोन फेऱ्या मारणे, एवढे बहुतेकांना पुरते. पण हे सांगणे सोपे आणि करणे अवघड आहे, आणि अवघड का आहे ते मला आमच्या बायकांनीच सांगितले. सीट खिडकीजवळची असते. शेजारी दोन परके पुरुष झोपलेले. त्यांना उठवायचे कसे? मग बाथरूमला जावे लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाही. सोळा तास! विमानातली हवा आपल्या एप्रिलच्या हवेसारखी कोरडी असते, त्यात पाणी तोडले की रक्त आणखी दाटते, शिवाय लघवीला जळजळ आणि ताप घेऊनच माणूस उतरतो. याला उपाय औषधाचा नाही, तिकिटाचा आहे. मुलाला सांगून वाटेलगतची सीट आधीच घ्यावी. ढगांचे दृश्य नातवंडांनी बघावे.

दुसरे, आपल्याला सीटवर मांडी घालून बसायची सवय. पाच-दहा मिनिटे ठीक, पण त्याच आसनात झोपू नये, गुडघ्यामागच्या शिरा दाबल्या जातात. पायाखालच्या जागेत पिशवी कोंबू नये. झोपेची गोळी घेऊ नये, कारण गोळीने माणूस लाकडासारखा एकाच अंगावर पडतो. दारू फुकट मिळते म्हणून घेऊ नये, हे सोलापुरात लिहिण्याची गरज नसावी, पण आहे. प्रवासाआधी आपल्या मनाने ॲस्पिरिनची गोळी घेण्याची एक पद्धत पडली आहे, तिचा या शिरांतल्या गुठळीवर भरवसा धरता येत नाही आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका उरतो. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती अर्थातच चालू ठेवावी. गुडघ्याखालपर्यंतचे ताणाचे मोजे शिरा फुगलेल्यांना उपयोगी पडतात, मात्र ते मापाने घ्यावेत. ज्या मधुमेह्यांच्या पायाचा रक्तपुरवठाच कमी आहे त्यांनी ते विचारल्याशिवाय घालू नयेत. वर सांगितलेल्या जास्त धोक्याच्या माणसांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे, काहींना उड्डाणाआधी रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते.

थेट विमान चांगले की दुबईसारख्या ठिकाणी थांबणारे, असे विचारतात. थांबणारे विमान घेतले तर मुंबई-दुबई सुमारे तीन तास, तिथे चार-पाच तास थांबणे आणि पुढे न्यूयॉर्कपर्यंत चौदा तास. एकूण वेळ वाढतो, पण मध्ये पाय मोकळे होतात. चालता येणाऱ्या माणसाला मी थांबणारे विमान नको म्हणत नाही. गुडघ्यांनी अधू किंवा एकट्याने निघालेल्या बाईंना मात्र थेट विमानच बरे, कारण परक्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचे चालणे कधी कधी नव्या पेठेतून सात रस्त्यापर्यंत गेल्यासारखे होते.

यावरून व्हीलचेअर. तिकीट काढतानाच तिची मागणी नोंदवावी, तिचे पैसे पडत नाहीत. पुष्कळांना ती घ्यायची लाज वाटते. "मी काय पांगळा आहे का?" २०२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेले ८० वर्षांचे एक गृहस्थ व्हीलचेअर कमी पडली म्हणून पत्नीच्या खुर्चीबरोबर पायी निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले, ते वाचले नाहीत. विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला. मागितलेली खुर्ची आली नसेल तर बसून वाट पाहावी, हे मी त्या बातमीनंतर प्रत्येकाला सांगतो. मुले बाहेर तासभर ताटकळली तरी चालतील.

विमानात हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा ठेवलेला नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका असतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर, महाबळेश्वर साडेचार हजारांवर, आणि आपल्या राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई ५,४०० फुटांवर. म्हणजे सोळा तास आपण कळसूबाईच्याही वर बसलेलो असतो. धडधाकट माणसाला हे जाणवत नाही. पण हिमोग्लोबिन सात-आठवर आलेल्या, जुना दमा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्या, पायऱ्या चढताना धापणाऱ्या माणसाला जाणवते. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर केव्हा उडायचे हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवावे, मुलाच्या रजेने नव्हे. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनात कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पुरता विरेपर्यंत विमानात बसणे म्हणजे डोळा गमावणे ठरू शकते. म्हणून असे ऑपरेशन झालेल्याने सर्जनची लेखी परवानगी घ्यावी.

आता घड्याळ आणि मधुमेह. समजा एखाद्या बाई रोज रात्री दहाला दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन घेतात. इथल्या रात्री दहाला घेतले आणि पुढचे न्यूयॉर्कच्या रात्री दहाला घेतले, तर दोन डोसांत २४ नव्हे, साडेतेहतीस तासांचे अंतर पडते. मधले साडेनऊ तास शरीर इन्सुलिनशिवाय. परतताना उलट, साडेचौदा तासांतच दुसरा डोस येतो आणि पहिल्यावर चढतो, साखर एकदम उतरण्याची भीती. म्हणून जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून त्या दोन दिवसांचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे. मी माझ्या पेशंटना एक जुनी युक्ती सांगतो : मनगटावरचे घड्याळ विमानात बदलू नका. तिथे घरी पोचेपर्यंत ते सोलापूरच्याच वेळेवर ठेवा आणि गोळ्या त्याच्याप्रमाणे घ्या. घरी पोचल्यावर बदला. जेवणाआधीची साखरेची गोळी मात्र घड्याळ बघून नव्हे, ताट समोर आल्यावरच घ्यावी. विमानातले जेवण उशिरा येते, काही वेळा पसंतच पडत नाही, आणि गोळी तर पोटात गेलेली असते. जवळ खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवावी. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठ्या बॅगेबरोबर ते सामानाच्या कप्प्यात गेले तर गोठून निकामी होऊ शकते, आणि बॅगच हरवली तर पहिल्याच रात्री पंचाईत.

एवढे करून माणूस पोचला तरी त्याच्या डोक्यातले घड्याळ सोलापुरातच असते. मेंदूच्या तळाशी हे घड्याळ असते, ते उजेड-अंधारावर चालते आणि झोप, भूक, ताप-थंडी, रक्तदाब सर्व त्याच्या हुकमात असतात. ते पेशींत कसे चालते हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकते. साडेनऊ तास सरकायला आठवडा तरी जातो. न्यूयॉर्कला रात्रीचे दोन म्हणजे इथले सकाळचे साडेअकरा, आजोबांना टक्क जाग येते आणि भूक लागते. तिथल्या दुपारी तीनला, म्हणजे इथल्या मध्यरात्री, मुलगा मोठ्या हौसेने बाजार दाखवायला नेतो तेव्हा ते मोटारीत पेंगतात. याला आजारपण समजू नये. दुपारनंतर उजेडात बाहेर बसावे, झोप अनावर झाली तरी अर्ध्या तासाच्या वर झोपू नये. पूर्वेकडे परतताना हे घड्याळ जास्त कुरकुर करते, आल्यावर दहा-बारा दिवस तरी कोणतेही कार्य, वास्तुशांत ठेवू नये आणि स्कूटर तर नकोच.

मुलांनी एक गोष्ट करावी. पहिल्या चार-पाच रात्री आई-वडिलांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवावा. परके घर, गालिचा, अंधार, अर्धवट झोप आणि रक्तदाबाची गोळी, यांत खुब्याचे हाड मोडते. सत्तरीच्या पुढच्या माणसाला पहिल्या रात्रींत आपण कुठे आहोत हेही क्षणभर उमगत नाही, एखादे बडबडतातही. बहुतेक वेळा पुरेशी झोप आणि पाणी मिळाल्यावर ते निवळते. एक-दोन दिवसांत निवळले नाही, ताप आला किंवा तोंड वाकडे, हात लुळा वाटला, तर थांबू नये.

औषधांचे म्हणाल तर सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नेण्यात अडचण येऊ शकते. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरता, साधारण ९० दिवसांचा साठा नेऊ देतात. गोळ्या मूळ पाकिटातच असाव्यात, डब्यात सुट्या काढून नकोत. बरोबर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी असावी, तिच्यावर गोळीचे कंपनीचे नाव नव्हे तर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण आपल्याकडची कंपनीची नावे तिथे कोणालाच कळत नाहीत. वैद्यकीय विमा घेताना 'आधीपासूनचे आजार' यात धरले आहेत का ते मुलाला विचारावे, रक्तदाब आणि मधुमेह लपवून घेतलेला विमा ऐन वेळी कामाचा राहत नाही.

आणि बॅगेतल्या शेंगा चटणीविषयी. कडक भाकरी आणि चटणी न्यायला माझी ना नाही, नातवंडांना ती मिळालीच पाहिजे. पण विमानतळावर उघडलेली ती पुडी आणि लोणचे प्रवासभर चाखत गेलात तर मिठाने पाय आणखी सुजतात आणि रक्तदाब चढतो. पुडी मोठ्या बॅगेत ठेवावी. तिकडच्या कस्टमच्या फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत का असे विचारतात, तिथे 'होय' लिहावे.